चेंडू सुटेपर्यंत थांबा!

खो मिळण्याआधी जागेवरून उठलेला खेळाडू पंचांच्या नजरेतून सुटत नाही, हे खो-खो पाहणाऱ्यांना सांगायला नको. बास्केटबॉलमध्येही असाच एक क्षण येतो. फाऊलबद्दल मिळालेली फ्री थ्रो घेतली जात असते, मैदान स्तब्ध असते आणि अचानक शिट्टी वाजते. कधी जाळीत पडलेल्या चेंडूचाही गुण रद्द होतो, कधी चुकलेली फेक पुन्हा मिळते, तर कधी कुणी घाईने पुढे सरकल्याचे सर्वांना दिसूनही पंच गप्पच राहतात! मुलांचा सामना पाहायला आलेले पालक मग पंचांच्या नावाने बोटे मोडतात. या साऱ्यामागे असतो 'लेन व्हायोलेशन'चा नियम.

फ्री थ्रोची रेषा बास्केटच्या फळ्यापासून ४.६० मीटरवर असते. तिथून बास्केटपर्यंतचा पट्टा म्हणजे लेन. तिच्या दोन्ही कडांना जास्तीत जास्त पाच खेळाडू उभे राहतात. तीन प्रतिस्पर्धी, दोन फेकणाऱ्याचे साथीदार. बास्केटलगतच्या जागा प्रतिस्पर्ध्यांच्या. फेक चुकली तर उसळलेला चेंडू पकडण्यासाठी सगळे टपलेले असतात. अर्ध्या पावलाची आघाडीही इथे मोलाची, म्हणूनच हा नियम.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कडेच्या खेळाडूंनी चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. फेकणाऱ्याला मात्र त्याहून जास्त थांबावे लागते. चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा आत पडेपर्यंत त्याने रेषा ओलांडायची नाही. शिवाय चेंडू हाती आल्यापासून ५ सेकंदांत तो फेकायचा आणि फेकण्याची हूल द्यायची नाही. उरलेल्यांनी तीन गुणांच्या रेषेमागे थांबायचे.

आता शिक्षा. फेकणाऱ्यानेच नियम मोडला तर पडलेला चेंडूही गुण देत नाही. इतर कुणी मोडला आणि चेंडू आत पडला, तर गुण धरतात आणि चूक सोडून देतात. पंच गप्प राहतात ते म्हणूनच. शेवटची फेक चुकली तर मात्र हिशेब होतो. चूक साथीदाराची असेल तर चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. प्रतिस्पर्ध्याची असेल तर फेक पुन्हा घेतली जाते. दोन्हीकडचे घाईला आले असतील, तर चेंडूचा ताबा आळीपाळीच्या नियमाने ठरतो. थोडक्यात, ज्याने घाई केली त्याला तिचा लाभ मिळू द्यायचा नाही.

सगळीकडचे नियम इतके उदार नाहीत. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धेत नोटर डेमचा संघ झेव्हियरविरुद्ध दोन गुणांनी मागे होता. उरले होते २.८ सेकंद. एरिक ॲटकिन्सची पहिली फेक पडली तरच दुसरी मिळणार होती. ती पडलीही, पण दूर उभा असलेला त्याचा साथीदार जेरियन ग्रँट क्षणभर आधी पुढे धावला होता. तिथल्या नियमानुसार साथीदाराच्या चुकीनेही गुण जातो. गुण गेला, दुसरी फेक गेली, चेंडूही झेव्हियरकडे गेला आणि नोटर डेमचा संघ ६३-६७ असा हरून स्पर्धेबाहेर पडला. आंतरराष्ट्रीय नियम असते तर तो गुण राहिला असता! म्हणूनच कुठला सामना कुठल्या नियमांनी चालला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय पंचांना दोष देऊ नये.

पंचांचे काम दिसते तितके सोपे नाही. एकाच क्षणी फेकणाऱ्याचा हात, त्याचे पाय, दोन्ही कडांचे खेळाडू आणि हवेतला चेंडू, हे सारे एका माणसाच्या दोन डोळ्यांत मावणार कसे? म्हणून पंच नजरा वाटून घेतात. एक बास्केटजवळून कडेच्या खेळाडूंचे पाय पाहतो, दुसरा फेकणाऱ्यावर आणि चेंडूवर लक्ष ठेवतो. चांगला पंच फेकीआधीच किती फेका आहेत ते बोटांनी दाखवतो आणि उतावळ्या खेळाडूला थांबायला सांगतो. चूक घडल्यावर शिट्टी फुंकण्यापेक्षा ती घडूच न देणे केव्हाही बरे.

पंचांनी नियमांचा हेतू सांभाळावा आणि तारतम्य ठेवावे, असे नियमपुस्तकच सांगते. बुटाचे टोक केसभर हलले आणि त्याने काहीच बिघडले नाही, तर अनुभवी पंच खेळ अडवत नाही. तेच पाऊल चेंडू मिळवून देत असेल तर शिट्टी वाजलीच पाहिजे. मात्र तारतम्य म्हणजे मर्जी नव्हे. पहिल्या मिनिटाला जे चालले नाही ते शेवटच्या मिनिटालाही चालता कामा नये, आणि यजमान संघाला एक माप, पाहुण्यांना दुसरे, असेही होता कामा नये. खेळाडू शिट्टीवर रागावतो आणि विसरतो. पण मापे बदलली की त्याचा खेळावरचा विश्वासच उडतो.