मुलींची भरीत पार्टी

सदर : उंबरठ्याच्या आत



धुळ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी दहावीत आहे. मैत्रिणींसोबत एक रात्र जमायचे, जेवायचे, गप्पा मारायच्या, एवढेच तिचे मागणे. अम्मीने नाही म्हटले. मुलगी भांडली नाही. "भाईजान रात्री अकराला घरी येतात, मग मी मैत्रिणींसोबत कधी बसायचं?" एवढे विचारून गप्प झाली. तिला काय उत्तर द्यावे, असे त्या भगिनी विचारतात.

प्रश्न एका घरचा नाही. आपल्या मुलांना रात्र मिळते. हिवाळ्यात मित्राच्या शेतात पार्टी, रमजानमध्ये तरावीहनंतर बाजार, एरवी चौकातला चहा. मुलीचा दिवस मात्र मगरिबच्या अजानला संपतो. काळजीपोटीच आपण हे करतो आणि ती काळजी खोटी नाही. पण मग रात्री तिच्या सोबतीला उरतो तो मोबाइल, पांघरुणाच्या आत, एकटीला. ज्या मैत्रिणींना आपण ओळखतो त्यांच्याबरोबर बसू द्यायचे नाही आणि ज्यांना ओळखत नाही त्यांच्याशी ती रात्रभर काय बोलते ते कळायचे नाही, हा सौदा घाट्याचा आहे.

माझे म्हणणे असे की, मुलीला रात्री बाहेर पाठवायला मन धजत नसेल तर मैत्रिणींना आपल्या घरी बोलवा. आणि नुसते "या" म्हणून सोडून देऊ नका. रात्रीला काहीतरी निमित्त द्या, नाहीतर अर्ध्या तासात सगळ्या जणी आपापला मोबाइल काढून बसतात. असे निमित्त खानदेशात शोधावे लागत नाही. थंडी पडली की आपल्याकडे भरीत पार्टी आलीच.

जळगावकडे भरीत पार्टी म्हणजे काय ते सांगायला नको. शेतात तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी मोठी वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची आणि कळण्याची भाकरी किंवा पुरीबरोबर ओरपायची. यावल तालुक्यातले बामणोद आणि जळगावजवळचे असोदा या वांग्यांसाठी नावाजलेले. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, त्याच वर्षी केळीलाही. पण ही पार्टी बहुतेक पुरुषांची. बायकांनी घरी पुऱ्या तळून डबे भरायचे, शेकोटीची मजा भाऊ आणि त्याच्या मित्रांनी घ्यायची. ही शेकोटी एक रात्र आपल्या गच्चीवर किंवा अंगणात मुलींसाठी पेटली तर?

भरीतच का, त्याला कारणे आहेत. एक तर यात प्रत्येकीच्या हाताला काम मिळते. कुणी वांगी फिरवते, कुणी साल काढते, कुणी लसूण सोलते. नवीन आलेली बुजरी मुलगीसुद्धा दहा मिनिटांत मोकळी होते. दुसरे, खर्च बिर्याणीच्या मानाने काहीच नाही. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. दहावीच्या वर्गात आपल्या मुलीशेजारी पाटलांची, कोळ्यांची, भिल्लांची मुलगी बसते. त्यांना घरी जेवायला बोलवायचे म्हटले की दोन्हीकडच्या आयांना संकोच होतो, भांड्यांचा, मटणाचा. भरीत मात्र साऱ्या खानदेशाचे. त्याला कुणी विचारत नाही, कोणत्या चुलीवरचे. शाळा सुटली की या मैत्रिणी वेगवेगळ्या मोहल्ल्यांत, वेगवेगळ्या कॉलेजांत जातात आणि पुढे रस्त्यात भेटल्या तरी नुसत्या हसून जातात. एकमेकींच्या घरचा उंबरठा एकदा तरी ओलांडलेला असला तर ओळख टिकते. त्यांच्यासाठी तेल आणि भांडी स्वच्छ, वेगळी ठेवली आहेत, हे त्यांच्या आईला आधीच फोन करून सांगा. सांगितल्याने मान वाढतो.

आता बेत. बारा मुली आणि घरातल्या चार मोठ्या, असा हिशेब धरू. चार किलो वांगी, दीडशे ग्रॅम हिरव्या मिरच्या (लहान मुली असतील तर निम्म्या), शंभर ग्रॅम लसूण, दोनशे ग्रॅम शेंगदाणे, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, कोथिंबीर, मीठ आणि पाव लिटरच्या वर थोडे तेल. कळण्यासाठी चार वाटे ज्वारीला एक वाटा सालीचे उडीद आणि मीठ घालून दळून आणा. अडीच किलो पिठात मध्यम आकाराच्या पंचवीस-एक भाकरी होतात. सोबत मुळा, कांदा, लिंबू. शेवटी केळी, ती तर घरचीच.

वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, म्हणजे ते विस्तवात फुटत नाही. भाजून झाले की पातेल्यात झाकून ठेवा. वाफेने साल सहज निघते. मिरची आणि लसूण भाजून मिठाबरोबर आधी कुटा, मग वांगे घाला. तेलात शेंगदाणे तळून वर ओता, पात आणि कोथिंबीर शेवटी. बडगी नसेल तर जाड बुडाचे पातेले आणि मुसळ चालते. फ्लॅटमध्ये किंवा दाटीच्या गल्लीत शेकोटी पेटवता येत नाही. तिथे गॅसवर जाळी ठेवून भाजा. धुराचा वास थोडा कमी येईल, हसणे कमी होणार नाही.

विस्तवाजवळ नायलॉनची ओढणी नको. सगळ्यांनी सुती कपडे घालायचे, ओढणी कमरेला खोचायची, केस बांधायचे आणि पाण्याची बादली शेजारी ठेवायची. ही अट निमंत्रणातच सांगा.

वेळ अशी ठेवा : असरनंतर मुली येतील, उजेडात वांगी भाजून होतील. मगरिबची नमाज सगळ्यांनी मिळून. मग कुटणे आणि भाकरी. इशानंतर जेवण आणि गप्पा. हिवाळ्यात इशा लवकर होते, त्यामुळे साडेनऊपर्यंत भरपूर वेळ मिळतो. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, हे आपण जाणतो. पाहुण्यांशी आणि घरच्यांशी बोलण्याची सवलत विद्वानांनी सांगितली आहे. पण फजर गेली तर त्या रात्रीची बरकत गेली, हे मुलींना समजावून सांगा. मुक्कामाला फक्त चुलत-मावस बहिणी ठेवा. मैत्रिणींना त्यांच्या घरचे माणूस न्यायला येईल किंवा आपल्या घरातली मोठी बाई सोडून येईल, हे आधीच ठरवा.

या रात्री राबायचे कुणी? मुलींची मजा आणि घरातल्या सुनेची कंबर मोडायची, असे होणार असेल तर बेतच करू नका. भाकरी थापण्यापासून पातेली घासण्यापर्यंत सगळे मुलींनी करायचे. वांगी बाजारातून अब्बूंनी आणावीत, दळण आणि काड्या भावाने वर नेऊन द्याव्यात. आणि मग दोघांनी इशाला मशिदीत जावे, तिथून चाचांच्या घरी बसावे. तासाभराने फोन करून "झालं का?" विचारू नये.

काही अब्बूंना हे जड जाईल. त्यांच्यासाठी सहीह बुखारीतली एक हदीस आहे. ह. आयशा (र.) मैत्रिणींबरोबर बाहुल्या खेळत. प्रेषित (स.) घरात आले की मुली लाजून लपत. तेव्हा प्रेषित (स.) त्यांना शोधून पुन्हा आयशांकडे खेळायला पाठवत. घरचा कर्ता पुरुष आल्यावर मुलींचा खेळ बंद पडू नये, याची काळजी स्वतः प्रेषितांनी (स.) घेतली. आपल्या घरात पुरुषाची चाहूल लागली की मुली काय करतात, ते एकदा पाहा.

जेवण झाले की खरी रात्र सुरू होते. इथेही एक हदीस कामाला येते. अकरा बायका एकत्र बसल्या आणि आपापल्या नवऱ्याबद्दल काही न लपवता बोलल्या, अशी एक लांबलचक गोष्ट ह. आयशांनी (र.) प्रेषितांना (स.) सांगितली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. उम्मे जरअची हदीस म्हणून ती बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्या बायका उपमांनी बोलतात. एकीचा नवरा म्हणजे डोंगरावर ठेवलेले रोड उंटाचे मांस : चढायला अवघड आणि वर पोहोचून हाती फारसे काही नाही! चौदाशे वर्षांनीही हसू येते.

मुलींनी नवऱ्यांवर बोलायचे नाही, ते यायचे आहेत. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका बाईबद्दल सांगायचे. दादी, नानी, फूफी, खाला, कुणीही. पण एक उपमा हवी, आणि ती उपमा अशी की त्या बाईने समोर बसून ऐकली तरी तिला आनंद व्हावा. म्हणजे गीबतीला दार बंद. आणि म्हणूनच एक नानी किंवा दादी त्या रात्रीची खास पाहुणी असू द्या. तिला खुर्ची द्या, शाल द्या आणि विचारा : तुझ्या लग्नात काय शिजले होते? तुझ्या अम्मीची चूल कशी होती? तुला शाळेतून कधी काढले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मुली शांत होतात. परीक्षेच्या अभ्यासाचा कंटाळा घालवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शिवाय नानी हजर आहे म्हटल्यावर परवानगी द्यायला नाखूश असलेल्या मैत्रिणीची अम्मीही तयार होते.

एका मुलीच्या हाती वही द्या. बहिणाबाई चौधरी याच असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या ओठांवर आले ते मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी कागदावर उतरवले, म्हणून 1951 मध्ये त्या गेल्यावरही 1952 मध्ये पुस्तक निघाले आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपल्या नान्यांच्या तोंडी अहिराणी आहे, दखनी आहे, म्हणी आहेत, औषधे आहेत. लिहून घेणारे कुणी नाही म्हणून ते त्यांच्याबरोबरच मातीत जाते. वहीत चार पाने भरली तरी ती रात्र वाया गेली नाही.

फोटोचे म्हणाल, तर वांग्याचा काढा, विस्तवाचा काढा, हातांचा काढा. चेहऱ्यांचा नको. फोन एका टोपलीत, टोपली नानीजवळ. घरून फोन आला तर नानी उचलेल. मेहंदी आणि ढोलकीची घरोघरची रीत वेगळी, ज्याने त्याने आपल्या घरचे पाहावे.

धुळ्याच्या भगिनींना सांगायचे ते असे : मुलीला बोलवा आणि यादी तिलाच करायला सांगा, किती वांगी, किती मैत्रिणी, कोणती नानी. प्रत्येक मैत्रिणीच्या अम्मीला फोन मात्र तुम्ही करा. आणि जानेवारी संपण्याआधी करा. उन्हाळा लागला की ती वांगीही उरत नाहीत आणि दहावीची परीक्षाही डोक्यावर येते.