‘एक्समस’ : अनादर की गैरसमज?

डिसेंबर महिना उजाडला की दुकानांच्या पाट्यांवर, भेटकार्डांवर आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांत इंग्रजी ‘एक्समस’ हा शब्द झळकू लागतो. त्यापाठोपाठ एक इशाराही फिरू लागतो : ख्रिस्ताचे नाव खोडून तेथे फुली मारलेली आहे, ख्रिस्ती माणसाने हा शब्द लिहू नये. हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम यांनी २००५ साली सीएनएन वाहिनीवर, या शब्दाद्वारे ख्रिसमसमधून ख्रिस्तालाच वगळले जात असल्याची खंत व्यक्त केली होती. अशा आक्षेपामागील प्रभूविषयीचे प्रेम खरे आहे. म्हणूनच तो झटकून न टाकता तपासून पाहणे आवश्यक आहे.

फुली नव्हे, ग्रीक अक्षर

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत ‘ख्रिस्तोस’ या शब्दाचे आद्याक्षर ‘खी’ हे असून ते दिसावयास इंग्रजी ‘एक्स’सारखेच आहे. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त ही पवित्र नामे प्राचीन लेखनिक दोन-तीन अक्षरांत लिहीत आणि त्यांवर आडवी रेघ ओढीत. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनायटिकस’ या बायबलच्या हस्तलिखितात ही पद्धत पाहावयास मिळते. केवळ जागा वाचविण्यासाठी नव्हे, तर पवित्र नाम इतर शब्दांतून उठून दिसावे म्हणून ही प्रथा पडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

सम्राट कॉन्स्टंटाईन याच्या ध्वजावर ‘खी’ आणि ‘ऱ्हो’ ही ख्रिस्तनामाची पहिली दोन अक्षरे गुंफलेली होती. तेच चिन्ह आजही अनेक वेद्यांवर आणि मिस्सावस्त्रांवर आढळते. मध्ययुगीन इंग्रज लेखनिकांनी हीच अक्षरे आपल्या भाषेत वापरली आणि त्यांतूनच पुढे ‘एक्समस’ हा शब्द रूढ झाला. तो व्यापाऱ्यांनी शोधलेला नाही.

जुने गोवे येथील बॉम जेझूस बासिलिकेच्या दर्शनी भागावर ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरलेली आहेत. ती येशू या नामाची पहिली तीन ग्रीक अक्षरे असून येशूसंघाचे बोधचिन्हही तेच आहे. आपल्या घरातील क्रुसावर ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ हे लॅटिन शब्द चार आद्याक्षरांत मावलेले असतात. त्या क्रुसाचे चुंबन घेताना आपल्याला अनादराची शंकाही येत नाही.

आपल्या मराठीचे काय?

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘इ. स.’ वाचतो. ‘इसवी सन’ म्हणजे इसाचा, अर्थात येशूचा सन. प्रभूचे नाव येथे एका अक्षरात आले आहे. ‘नाताळ’ हा आपला लाडका शब्द तर पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ ‘जन्म’ किंवा ‘जन्माचा’ एवढाच. त्यात ख्रिस्ताचे नाव मुळीच नाही. तरीही ‘नाताळ’ म्हणताच वसईच्या वा गोव्याच्या भाविकाच्या मनात गोठ्यातील बाळ येशूच उभा राहतो. आदर अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मग आक्षेपात तथ्य नाही का?

आहे, पण वेगळ्या ठिकाणी. चिन्हाचा अर्थ वाचणाऱ्याला कळला तरच ते चिन्ह जिवंत राहते. आज ग्रीक लिपी जाणणारे थोडे. ‘एक्स’ म्हटले की विद्यार्थ्याला बीजगणितातील अज्ञात राशी आठवते. हा शब्द लिहून ‘ख्रिसमस’ असे वाचले तर तो संक्षेप होय. परंतु ‘एक्समस’ असाच उच्चारला तर त्यातून ख्रिस्ताचे नाव खरोखरच ऐकू येत नाही.

देवाच्या नामाचा दुरुपयोग करू नये, ही आज्ञा कॅथलिक ख्रिस्तसभा गांभीर्याने घेते. २००८ साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंडळाने जगभरातील बिशप परिषदांना पत्र पाठवून, देवाचे चार अक्षरी हिब्रू नाव उपासनेत उच्चारू नये व त्याजागी ‘प्रभू’ म्हणावे, असे कळविले. येथे नाव न उच्चारणे हाच आदर ठरला. म्हणजेच निर्णायक ठरतो तो हेतू आणि त्याचा श्रद्धावंतांवर होणारा परिणाम.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न असाच सोडविला आहे. ज्ञान असलेल्याने आपले स्वातंत्र्य दुर्बल बंधूला अडखळण होऊ देऊ नये, ही त्याची शिकवण. तद्वत धर्मग्रामाच्या सूचना, निमंत्रणे व फलक यांवर पूर्ण नाव लिहिणे श्रेयस्कर. आणि कोणा तरुणाने संदेशात ‘एक्समस’ लिहिले तर त्याच्या श्रद्धेवर संशय न घेणे, हेही तितकेच श्रेयस्कर.

शब्दाचा दुसरा अर्धा भाग

या वादात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. ‘ख्रिसमस’ म्हणजे ‘ख्रिस्ताची मिस्सा’. शब्दाच्या पहिल्या भागासाठी आपण भांडतो. दुसऱ्या भागाचे काय? खरेदी, रोषणाई, करंज्या आणि पाहुणे यांच्या गर्दीत मिस्सा उरकण्याचा उपचार झाली, आगमनकाळात प्रायश्चित्त संस्कार राहून गेला, शेजारच्या गरीब घरी दिवा लागला की नाही हे कोणी पाहिले नाही, तर पूर्ण अक्षरांत लिहिलेला सणही रिकामाच राहील. कार्डावरील एका अक्षराने ख्रिस्त आपल्या नाताळातून जात नाही. त्याच्यासाठी जागा न ठेवल्याने मात्र तो बाहेर राहतो, जसा बेथलेहेममध्ये राहिला होता.