थाप कुठे गेली?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या धंद्याचं वर्ष सुरू होतं. तारखा भरतात, टेम्पोवाल्यांचे भाव चढतात आणि वादक मंडळी नव्या खरेदीचा हिशेब मांडून बसतात. यंदा वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे: व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर पेडल घ्यावा का? गिटारवाले विचारतात, बेसवाले त्याहून जास्त. उत्तराआधी तुकईथडच्या एका हळदीची गोष्ट सांगतो. त्या रात्री मिक्सरवर मी होतो आणि चूक निम्मी माझीही होती.

तुकईथड बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या अंगाचं. खंडवा–अकोला मीटरगेज चालू होती तेव्हा वाजवणारे पेट्या घेऊन स्टेशनवरच उतरायचे. आता सगळा टेम्पोचा मामला. खंडवा म्हणजे किशोरकुमारांचं गाव, त्यामुळे या पट्ट्यात आमचा कार्यक्रम त्यांच्याच गाण्याने उघडतो. पण खरी रात्र रंगते ती नाचावर. आसपास कोरकू वस्त्या आहेत, घरोघर ढोल आहे. ऑर्केस्ट्राने सूर धरला की नवरदेवाकडचा ढोलवाला आपणहून शेजारी येऊन उभा राहतो.

आमच्या बेसवाल्याने त्याच आठवड्यात इंदूरहून जुना व्हॉल्व्ह-कॉम्प्रेसर आणला होता. जाळीमागे व्हॉल्व्ह केशरी पेटलेला, वर पाच बटणं. "पैसे पाचही बटणांचे दिलेत," म्हणत त्याने पाचही पुरेपूर फिरवली. थ्रेशोल्ड तळाला, रेशो टोकाला, अटॅक सगळ्यात जलद. मिक्सरवर पाहतो तर काय, बेसच्या चॅनलचे दिवे एका जागी खिळलेले. एरवी मोकळी तार लाल दिव्यापर्यंत उडी मारायची आणि वरच्या फ्रेटवरचा सूर हरवून जायचा. आता सगळं एका पातळीत. मी खूश.

तिसऱ्या गाण्याला ढोलवाला मिक्सरपाशी आला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या बेसला थाप राहिली नाही. नुसता घुमतो."

मी मान डोलावली आणि सबचा फेडर वर केला. घुमणं वाढलं, थाप आलीच नाही. नाचणाऱ्यांची पावलं ढोलावर पडत होती आणि बेस त्यांच्या मागून चिखलातून चालल्यासारखा येत होता. दोन गाणी अशीच गेली.

माझं सांगणं एवढंच आहे. आपण कॉम्प्रेसरला आवाज लहानमोठा करणारी वस्तू समजतो, पण मंडपात त्याचा खरा परिणाम लयीवर होतो. थ्रेशोल्ड आणि रेशो किती दाबायचं ते ठरवतात. अटॅक आणि रिलीज कधी दाबायचं आणि कधी सोडायचं ते ठरवतात, आणि वादकाच्या भाषेत 'कधी' म्हणजेच लय.

हिशेब करून पाहा. रेशो ४:१ म्हणजे थ्रेशोल्डच्या वर १२ डेसिबल गेलेला सूर फक्त ३ डेसिबल वर निघतो. ९ डेसिबल दाबले गेले. बेसला एरवी ३ ते ६ डेसिबलचा दाब पुरतो. आता अटॅक. बोट तारेवर पडतं ती 'टक्' पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन जाते, आणि ढोलाबरोबर कानाला लागते ती तीच. अटॅक एक-दोन मिलिसेकंदांचा ठेवला तर टक् दबते आणि मागची गुंज तेवढी उरते. अटॅक २० ते ४० मिलिसेकंदांवर नेला की टक् निसटून जाते आणि दाब मागच्या सुरावर पडतो. ढोलवाल्याने हे आकडे कधी ऐकले नसतील, पण दुखणं त्याने अचूक सांगितलं होतं.

रिलीजचं गणित गाण्याच्या चालीशी आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, अर्धा २५०. बेस अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर चालत असेल तर कॉम्प्रेसरने पुढचा सूर येण्याआधी हात सोडायला हवा, म्हणजे साधारण २०० मिलिसेकंदांच्या आत. उशीर केला तर पहिल्या सुराचा दाब दुसऱ्यावर पडतो. उलट फार घाई केली तर वेगळंच दुखणं. बेसच्या मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१, म्हणजे एक कंपन २४ मिलिसेकंदांचं. पाच तारांच्या बेसवरची बी तार आणखी खाली, एक कंपन ३२ मिलिसेकंदांचं. रिलीज त्याहून जलद असेल तर कॉम्प्रेसर एकेका कंपनामागे धावतो आणि सूर फाटतो. गिटारची जाडी तार बेसच्या एक सप्तक वर, म्हणून गिटारला यात थोडी जास्त मोकळीक आहे.

मग यात व्हॉल्व्हचं काम काय? दुकानदाराला हाच प्रश्न विचारा, कारण व्हॉल्व्हचे कॉम्प्रेसर सगळे एका जातीचे नसतात. १९५० च्या दशकातल्या फेअरचाइल्ड ६७० मध्ये २० व्हॉल्व्ह आणि ११ ट्रान्सफॉर्मर होते, वजन तीस किलोच्या घरात. त्यात दाबण्याचं काम खुद्द व्हॉल्व्हच करायचे. त्यानंतर टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्ये जिम लॉरेन्स यांनी निराळी युक्ती केली. सूर मोठा झाला की एक प्रकाशपट्टी उजळते, समोरच्या प्रकाशसंवेदी सेलचा रोध उतरतो आणि आवाज खाली येतो. व्हॉल्व्ह तिथे फक्त आवाज वाढवायला. त्या सेलची सोडण्याची रीत दोन टप्प्यांची: निम्मा दाब ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला रेंगाळत काही सेकंदांत. गायकाच्या आवाजाला आणि संथ बेसला तो फार शोभतो. भरधाव नाचाच्या गाण्यात मात्र सांभाळून.

आजचे बहुतेक पेडल या दुसऱ्या घराण्यातले. एफेक्ट्रोडचा पीसी-२ए उघडपणे एलए-२एच्या वाटेने जातो. बेसवाल्यांत मार्कबासचा 'कॉम्प्रेसोरे' नावाजलेला आहे. त्यातला १२एएक्स७, म्हणजेच युरोपातला ईसीसी८३, हा आपल्या जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हांचाच भाऊबंद. तो घडवलाय शंभर ते अडीचशे व्होल्टच्या प्लेटसाठी. काही पेडलांत त्याला जेमतेम बारा व्होल्टवर उपाशी ठेवतात. तेव्हा तो आवाजाला किंचित खरखर आणि भरदारपणा देतो, दाबतो दुसराच कोणी. यात फसवणूक नाही, फक्त आपण कशाचे पैसे मोजतोय ते कळलेलं असावं. नुसता सूर एका पातळीत हवा असेल तर व्हॉल्व्ह नसलेला पेडलही ते काम चोख करतो.

आणि वीज. त्या रात्री साडेनऊला गावात लाइट उतरली. मल्टिमीटर लावला तर १७२ व्होल्ट. बेसवाल्याचा अडॅप्टर जुन्या धाटणीचा, आत साधा ट्रान्सफॉर्मर. असा अडॅप्टर २३० चा १७२ झाला की बाराचे नऊ करून देतो. व्हॉल्व्हचा हीटर ६.३ किंवा १२.६ व्होल्टवर तापायला हवा. तो कोमटला की आवाज कुंथायला लागतो. दोष पेडलचा नव्हता. जनरेटरवर घेतल्यावर मिनिटभरात व्हॉल्व्ह पूर्ववत पेटला. तेव्हा खेड्यापाड्यांत वाजवणाऱ्यांनी पेडलला चालेल असा, १०० ते २४० व्होल्टवर काम करणारा अडॅप्टर घ्यावा. पेडल एसी मागतो की डीसी, टोक मध्ये ऋण की धन, आणि किती मिलिॲम्पिअर, हे मागच्या पट्टीवर वाचूनच. एका १२एएक्स७चा नुसता हीटर ६.३ व्होल्टवर ३०० मिलिॲम्पिअर खातो. साध्या पेडलांच्या वीजपट्टीला असा पेडल जोडला तर शेजारचे उपाशी मरतात.

गिटारवाल्यांना दोन शब्द वेगळे. 'कर्ज'मधली गोरख शर्मांची गिटार प्रत्येक मंडपात मागितली जाते आणि सूर लांबवायला कॉम्प्रेसर कामाला येतो. पण ओव्हरड्राइव्ह चालू असेल तर तो स्वतःच सूर दाबत असतो. त्यावर आणखी दाब दिला की हाताची नजाकत संपते. कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवा आणि हलकाच ठेवा. दाबलेला आवाज भरून काढायला बटणाने ६ डेसिबल चढवले की सुरांमधली गुणगुण आणि हम्मही तेवढीच चढते. ॲकूस्टिक गिटारला तर शिट्टी मारायची वाट सहा डेसिबलने जवळ येते. वर साउंडवाल्याच्या प्रोसेसरमध्ये लिमिटर असतोच. दोघे एकाच वेळी दाबायला लागले की सगळा आवाज हापशासारखा वरखाली होतो.

म्हणून घ्यावा का, याचं उत्तर: आधी कुणाचा तरी मागून आणा आणि साउंडचेकला ढोलक किंवा ऑक्टापॅडवाल्याला सोबत उभं करा. एकट्याने वाजवून कॉम्प्रेसर लावू नका. एकट्याला प्रत्येक कॉम्प्रेसर गोड वाटतो. पेडल चालू आणि बंद, दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी करून ऐका, नाहीतर मोठा तोच चांगला वाटणार. अटॅक सावकाश बाजूने सुरू करून टक् दबेपर्यंत आणा आणि तिथून जरा मागे घ्या. बटण कुठल्या बाजूला सावकाश होतं ते कंपनीगणिक बदलतं, कानावर भरवसा ठेवा. रिलीज रात्रीच्या सगळ्यात जलद गाण्यावर लावा. हे सगळं करूनही फरक कळला नाही तर ते पैसे नव्या तारांवर आणि चांगल्या अडॅप्टरवर खर्च करा.

हेही मान्य करू की पहिला कॉम्प्रेसर वादकाच्या बोटांत असतो. उंच सुराला माइक लांब नेणारा गायक आणि जाड्या तारेवर बोट हलकं टाकणारा बेसवाला पेडल नसतानाही हेच करत आलेत.

तुकईथडला जनरेटर लागल्यावर मी मिक्सर सोडून स्टेजवर गेलो. बेसवाल्याच्या पायाशी बसून अटॅक अर्ध्यावर आणला, रेशो चारपर्यंत उतरवला, थ्रेशोल्ड एवढा वर घेतला की दाबाचा दिवा जोरात वाजवल्यावरच लुकलुकावा. मिक्सरवरचे दिवे पुन्हा वरखाली उड्या मारू लागले. मला ते दिसायला बरं वाटेना, पण फेडरला हात लावला नाही. पुढच्या गाण्याला ढोलवाला आमच्या बाजूला तोंड करून उभा होता. त्यानंतरच्या गाण्याला तो पाठ फिरवून नाचणाऱ्यांत शिरला.