पटावरचा परदेश

परदेशातील शिक्षणाच्या आणि नोकरीच्या संधींची ओळख तरुणांना पटावरच्या खेळातून करून द्यावी, ही कल्पना प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. शहापूर-मुरबाडच्या संदर्भात तर ती काहींना क्रूरही वाटेल. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे परदेशाचा खेळ कोणी आणि कशासाठी मांडायचा? तरीही तो मांडावा, असे आमचे मत आहे. अट एवढीच की तो खोटा असू नये.

परदेशाविषयी आपण मुलांना आजवर जे सांगत आलो, ते बहुधा चरित्रांतून. कल्याण हे माहेर असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिच्यातला एक तपशील मात्र आपण गंमत म्हणून सांगतो आणि पुढे जातो. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे बसल्या असताना ते त्यांच्या वाचनात आले आणि त्यातून पुढचा पत्रव्यवहार सुरू झाला. दान नशिबाचे होते यात शंका नाही. पण ते पडण्यापूर्वी सोंगटी पटावर आलेली होती : आनंदीबाई शिकत होत्या आणि पत्र लिहिले गेले होते. चरित्र वाचताना मनावर ठसते ते व्यक्तीचे असामान्यत्व, आणि सामान्य मुलगी पुस्तक मिटून म्हणते, 'हे माझ्यासाठी नाही.' चरित्रात एकच वाट असते आणि ती चालून संपलेली असते. पटावर न चाललेल्या वाटाही दिसतात, आणि हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. आमच्या मते पटाचे शैक्षणिक मोल ते इथे आहे.

पटाचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. ज्याचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, त्या मोक्षपटात शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे होती. खेळणारा वर का चढला आणि खाली का घसरला, हे घरावरच लिहिलेले असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये रुजला. तिथे आधी इंग्रजी नीतीची नावे लागली, पुढे तीही गळाली, आणि उरली ती केवळ फाशावर चालणारी सापशिडी. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली अमेरिकेत पेटंट घेतलेला खेळ जमीनदारीतला अन्याय दाखवून देण्यासाठी होता. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेल्या 'मोनॉपली'त तोच अन्याय जिंकण्याची रीत ठरला. आपल्या घराघरांतला 'व्यापार' याच वंशातला. कारणे पुसली गेली की खेळ टिकतो, पण शिकवण जाते.

म्हणून आमचा आग्रह साप आणि शिड्यांच्या नावांसाठी आहे, आणि ती नावे इथलीच हवीत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. हा साप शंभर घरांच्या पटावर दहाव्या-बाराव्या घरातच बसलेला आहे. जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर हाती न येणे हा त्याच्या पुढचा. दहावी न झालेल्याच्या पारपत्रावर सामान्यतः तशी नोंद असते आणि आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. हे ठाऊक नसलेला मुलगा बिगरनोंदणी दलालाच्या हाती सापडतो. तोही एक साप. शिड्याही आहेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी उच्चशिक्षणासाठीची शिष्यवृत्ती वर्षाला २० जणांसाठी आहे. त्यांतल्या ३ जागा विशेष असुरक्षित समूहांसाठी राखीव आहेत, आणि महाराष्ट्रातले कातकरी या समूहांत मोडतात. म्हणजे पहिला साप दहाव्या घरात आणि ही शिडी नव्वदाव्या. हे अंतर भाषणाने समजत नाही, पटावर बोट ठेवून दाखवता येते.

सर्वांनी एकाच घरातून निघायचे, हा नियमही मोडावा. आसनगाव स्थानकाजवळ राहणारा मुलगा विसाव्या घरातून निघू दे, माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरची मुलगी पहिल्या. दुसऱ्या डावात जागा बदलाव्यात. अशाने मुले खचतील, असे म्हटले जाईल. आम्हांला तसे वाटत नाही. अडथळ्याचे नाव कळल्याने माणूस खचत नाही. नाव न कळता वारंवार घसरल्याने तो स्वतःलाच दोष देऊ लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परदेश हे शंभरावे घर ठरवले, तर गाव म्हणजे केवळ मागे टाकायची जागा उरते. मोक्षपटावर शेवटच्या घरातून परतायचे नसते. इथे परतीची घरेही आखली पाहिजेत. मुरबाड तालुक्यातून वर चढणारा नाणेघाट सातवाहनकाळी जुन्नरला कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी जोडत होता. दूरच्या देशांशी व्यवहार या भागाला नवा नाही, आणि ती वाट दोन्ही दिशांनी चालत होती. जाणे, राहणे, परतणे आणि न जाणे, या सर्वच निवडी पटावर सन्मानाने असाव्यात.

असा पट शहरात छापून शाळांना वाटू नये, असे आम्ही सुचवतो. तो मुलांकडूनच आखून घ्यावा. आपल्या वाटेतले साप त्यांना पक्के ठाऊक आहेत. शिड्या शोधून आणणे, आणि त्या खरोखर कुठवर पोहोचतात हे तपासून सांगणे, हे शिक्षकाचे काम.