विश्लेषण : दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कशी टिकणार?

रात्री उशिरा थ्री फेज आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचे, हे संगमनेर, अकोले, राहुरीच्या शेतकऱ्याला नवीन नाही. उसात बिबट्या असू शकतो, हेही त्याला ठाऊक असते. मग शेतीला वीज रात्रीच का?

कारण ग्रिडच्या स्वभावात आहे. तारेत वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. देशभरातील जनित्रे एकाच तालात, सेकंदाला ५० आवर्तने या गतीने फिरतात. मागणी वाढली की ताल मंदावतो, घटली की वाढतो. तो ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायचा असतो. राज्यापुरता हा हिशेब ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र क्षणोक्षणी सांभाळते. हिशेब कोलमडला की काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताने पाहिले. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला.

हा तोल राखण्याची सोपी युक्ती म्हणजे शेतीपंप. शहरे झोपली, मागणी उतरली की शेतीचे फिडर सुरू करायचे. कागदावर ही युक्ती चोख होती. तिची किंमत मात्र शेतकऱ्याने मोजली.

बदलाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून झाली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी यवतमाळच्या कोळंबीसोबत पारनेरचे राळेगणसिद्धी निवडले गेले. योजना साधी आहे: शेतीचा फिडर गावठाणापासून वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथेच दिवसा पंपांना द्यायची. दूरच्या औष्णिक केंद्रातून शेकडो किलोमीटर वीज आणताना होणारी गळतीही वाचते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. पडीक माळरानाला एवढे पैसे कोणते पीक देणार?

पण इथेच ग्रिडचे नवे दुखणे सुरू होते. ऐन दुपारी सौरवीज उतू जाते आणि सूर्य कलला की तासा-दोन तासांत गायब होते. नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. पूर्वी रात्रीची वीज कुठे खपवायची हा प्रश्न होता, आता दुपारची.

त्याचे एक उत्तर अकोले तालुक्यात २००८ पासून उभे आहे. घाटघरचा उदंचन प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. वीज जास्त असते तेव्हा सह्याद्रीच्या कड्याखालच्या, शहापूर तालुक्यातील चोंढे येथील जलाशयातून पाणी वर घाटघरला चढवायचे. टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून १२५ मेगावॉटची दोन जनित्रे फिरवायची. अशा प्रकल्पात चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण दुपारी वाया जाऊ शकणारी वीज संध्याकाळी हाती येत असेल, तर तो फायद्याचाच. हे गणित रात्री पाणी चढवण्याचे होते, ते आता भर उन्हात चढवण्याचे व्हायला हवे. राज्यात असे अनेक नवे प्रकल्प मंजुरीच्या वाटेवर आहेत. त्यांच्याइतकीच निकड बॅटरी साठवणुकीची आहे, कारण डोंगर आणि धरण प्रत्येक उपकेंद्राशेजारी नसते.

आणि एक गोष्ट, जिचे उद्घाटन कोणी करत नाही. सौर पॅनेल नवे असले तरी पंपापर्यंतची अकरा केव्हीची तार, झुकलेला खांब आणि वारंवार जळणारी डीपी जुनीच असते. रोहित्र जळाल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागले, हा आकडा महावितरणने फिडरनिहाय जाहीर करावा. दिवसा वीज मिळाली की नाही, ते मेगावॉटपेक्षा त्यावरून अधिक कळेल.