लॉ सीईटीत मनासारखं कॉलेज मिळालं नाही. वर्ष ड्रॉप करायचं का? समजून घ्या गणित

कॅपच्या फेऱ्या संपतात, मोबाइलवर अलॉटमेंट लेटर येतं आणि त्यावर पसंतीक्रमात अकराव्या नंबरला टाकलेल्या कॉलेजचं नाव असतं. किंवा नावच नसतं. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधि महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यासमोर मग एकच प्रश्न उरतो. मिळालंय ते घ्यायचं, की पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची?

पुण्या-मुंबईत हा प्रश्न क्लासचे समुपदेशक सोडवतात आणि त्यांचं उत्तर बहुतेक वेळा ‘रिपीटर बॅच’ असतं. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावसारख्या गावात तो घरात बसून सोडवावा लागतो. नगर-सोलापूर रस्त्यावरून रोज एसटीने अहिल्यानगरला ये-जा करायची की पुण्यात खोली घ्यायची, इथून हिशेब सुरू होतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

आधी निकाल नीट वाचायला हवा. एमएच-सीईटी लॉचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९० गुण नव्हेत, तर १० टक्के परीक्षार्थी तुमच्या पुढे आहेत. समजा ३० हजार जणांनी परीक्षा दिली, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे ३ हजार जण असतात आणि ९८ वाल्याच्या पुढे ६००. म्हणजे ‘फक्त आठ पर्सेंटाइल वाढवायचे’ याचा अर्थ २४०० जणांना मागे टाकायचं. पुन्हा पुढच्या वर्षी स्पर्धक वेगळे असतील. (इंजिनिअरिंगच्या प्रवेशावेळी हे गणित आमच्याही फार उशिरा लक्षात आलं होतं.)

तरीही ही परीक्षा सुधारणेला वाव देते. २०२५ पासून पेपर १५० ऐवजी १२० प्रश्नांचा झाला आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पेपरात कायदेविषयक कल आणि तार्किक क्षमता यांचे प्रत्येकी ३२ प्रश्न असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर सरावाने सुधारण्यासारखा आहे. ज्याचे गुण या दोन भागांत गेले, त्याला दुसऱ्या प्रयत्नात फरक पडू शकतो. ज्याने पूर्ण तयारी करून, डझनभर सराव पेपर सोडवून परीक्षा दिली होती, त्याने उगाच मोठ्या उडीची अपेक्षा ठेवू नये.

क्लॅटचं काय?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत एलएलबीचे प्रवेश क्लॅटमधून होतात. इथेही १२० प्रश्न आणि १२० मिनिटं, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. मोठा फरक भाषेचा आहे. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. क्लॅट पूर्ण इंग्रजीत असते आणि लांब उतारे वाचून उत्तरं द्यावी लागतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी एका वर्षाचं खरं काम इंग्रजी वाचनाचा वेग वाढवणं हे आहे. शिवाय त्या विद्यापीठांचा खर्च वर्षाला काही लाखांत जातो.

वेळापत्रकातही एक पेच आहे. क्लॅट डिसेंबरमध्ये होते. मागच्या वेळी तिचे अर्ज १ ऑगस्टलाच सुरू झाले होते आणि अर्जाचं शुल्क खुल्या गटासाठी ४ हजार रुपये होतं. राज्याच्या कॅप फेऱ्या तर गेल्या काही वर्षांत पावसाळा संपेपर्यंत लांबतात. म्हणजे इकडचा निकाल हातात येण्याआधीच तिकडचा अर्ज भरावा लागतो.

सहा वर्षं दोन्हीकडे

बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप आणि मग पाच वर्षांचा बीए-एलएलबी, एकूण सहा वर्षं. आता दुसरा रस्ता पाहा. कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयात किंवा जवळच्या कुठल्याही कॉलेजात तीन वर्षांची पदवी, मग तीन वर्षांचं एलएलबी. तेही सहाच. या रस्त्यावर तिसऱ्या वर्षाअखेर हातात पदवी असते, एमपीएससी देता येते आणि लॉ सीईटीची दुसरी संधी आपोआप मिळते. अट एवढीच की तीन वर्षांच्या एलएलबीसाठी खुल्या गटाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, म्हणून पदवीचं वर्ष ‘नावापुरतं’ काढून चालत नाही.

त्यामुळे नुसतं घरी बसून वर्ष घालवण्यापेक्षा बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा द्यावी, असं आमचं मत आहे. चांगलं कॉलेज मिळालं तर बीए सोडता येईल, नाही मिळालं तर वर्ष वाया जाणार नाही.

‘आत्ता मिळेल तिथे पाच वर्षांच्या लॉला बसू, पुढच्या वर्षी चांगल्या कॉलेजात जाऊ’ हा विचार मात्र तपासून करा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पदवीच्या आधारावर या अभ्यासक्रमात थेट मधल्या वर्षात घेता येत नाही. नव्याने सीईटी देऊन दुसरीकडे गेलात तर पुन्हा पहिलं वर्ष.

न्यायाधीश व्हायचंय?

गावाकडून लॉला जाणाऱ्या अनेकांचं लक्ष्य जेएमएफसी असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली. अठराव्या वर्षी बारावी झालेल्या, लगेच पाच वर्षांचा लॉ करणाऱ्याला ही अट सव्विसाव्या वर्षी पूर्ण होते. ड्रॉप घेतला तर सत्ताविसाव्या. फरक एका वर्षाचाच, पण त्या तीन वर्षांत ज्युनिअर वकिलाच्या हातात किती पैसे येतात, हे कर्जत किंवा श्रीगोंद्याच्या न्यायालयात चहाच्या टपरीवर विचारून बघावं. नामांकित कॉलेजचा शिक्का तिथे फारसा चालत नाही. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर तो चालतो, खूपच चालतो. तिथे जायचं असेल तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. तालुक्यात वकिली करायची असेल तर नगरचं कॉलेज एका वर्षाच्या थांबण्यापेक्षा स्वस्त पडतं. सनदेचं शुल्क आता मोठा अडथळा नाही: जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

मुलींनी हे पाहावं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. कॅप सोडून व्यवस्थापन कोट्यातून नामांकित कॉलेज मिळवलं, तर ही सवलत जाते.

पुन्हा अर्ज करायचं ठरलं तर पहिलं काम कागदपत्रांचं. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र दरवर्षी नवं लागतं आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षीची प्रत फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका; त्यावरची मुदत आजच बघा आणि संपत असेल तर एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये तिथे रांग असते.