दिवा बदलला, पाण्याची चूल तीच

औंध परिसरातल्या एखाद्या घराचा उजेड पणजोबापासून नातवापर्यंत बघत आलं तर चार दिवे निघतात. पणजोबाची रॉकेलची चिमणी. आजोबाचा कंदील, तोही बहुधा कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर'. १९६२ साली कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली, पुढं खांब वाड्यावस्त्यांवर पोचले आणि बापाच्या काळात पिवळा बल्ब लागला. नातू आता ९ वॅटच्या एलईडीखाली अभ्यास करतो. उजेड जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा, बिल कमी. हे पटवायला कुणा साहेबाला गावात यावं लागलं नाही.

पण त्याच घराच्या मागच्या अंगाला जा. न्हाणीशेजारी पाण्याची चूल पेटलेली असते आणि तिच्यात पणजीच्या वेळच्याच गोवऱ्या जळत असतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर बऱ्याच घरांत गॅसची टाकी आली. चहा-भाजी तिच्यावर होते. आंघोळीचं पाणी मात्र चुलीवर. "टाकी लगेच संपती, साहेब," असं बायाबापड्या सांगतात, आणि ते खोटं नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. खटाव-माणच्या हलक्या रानाला शेणखत मिळत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकतो. जनावरं कमी झाली हे खरं. पण जी आहेत त्यांचं शेणही खड्ड्यात जायच्या आधी थापलं जातं! गोवरी जळली की नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धुरात गेला. राखेत उरतो तो थोडा पालाश, थोडा चुना. गोबरगॅसमध्ये जाळायला गॅस मिळतो आणि नत्र स्लरीतून रानात जातो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. स्वयंपाक त्यावर झाला की टाकीतला गॅस आंघोळीच्या पाण्याला उरतो. थंडीत गोबरगॅस कमी पडतो. त्यासाठी शेण कोमट पाण्यात कालवावं.

१९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनेतून अनुदानावर संयंत्रं बांधली गेली. त्यातली कितीतरी फिरतीत बंद पडलेली दिसतात. कुठं घुमटाला चीर गेली, कुठं गाळ काढला नाही, कुठं दावणच मोकळी झाली. बांधल्याचा आकडा कागदावर चढला, पुढं देखभालीला कुणी फिरकलं नाही. सरपंच-ग्रामसेवकांनी नवे प्रस्ताव पाठवायच्या आधी गावातल्या बंद संयंत्रांची यादी करावी. जिथं गोठ्यात जनावरं आहेत तिथली आधी दुरुस्त करून घ्यावीत.

ज्याच्या दावणीला एकच म्हैस, त्याला हे जमणार नाही. त्यानं पाण्याच्या चुलीला तुराट्या, वेडी बाभूळ लावावी आणि शेण तेवढं खड्ड्यात टाकावं.